दोन आठांतला फरक

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. येलहंक्याच्या बाजूला, एका तळ्याकाठच्या पंपघरात मी कैक वर्षं काढली. तळ्याचं पाणी किती सेंटिमीटर चढलं, हे काठावरचं मापक मला सांगे. पाणी दीडशेवर गेलं, की मी भोंगा वाजवायचा आणि खालच्या गल्लीने घरं सोडायची.

हे मला शिकवलं माझा प्रोग्राम लिहिणाऱ्या बेळगावच्या पवित्राने. आकडेमोडीसाठी तयार कोडची जी लायब्ररी असते, तिच्यात आकड्याला किती जागा द्यायची, ते एका छोट्या खुणेने ठरतं. तिने लिहिलं होतं ‘आय-एट’, म्हणजे आठ बाइट. त्यात कितीही मोठा पूर मावला असता. गल्लीतल्या गंगव्वा मला ‘राखणदार’ म्हणत.

मग तिच्या हाताखाली पुण्याचा अजित आला. त्याने ‘आय-एट’ खोडून ‘इंट-एट’ केलं.

“दोन्ही सेमच ना?” त्याने विचारलं.

“असेल,” पवित्रा हातातल्या फोनवरची नजर न उचलता म्हणाली.

सेम नव्हतं. इंट-एट म्हणजे आठच बिट, जेमतेम एक बाइट. एकशे सत्तावीसच्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. एकशे अठ्ठावीस झाले, की तो मुकाट्याने उलटून उणे एकशे अठ्ठावीस होतो.

एका दुपारी तळं फुगलं. पाणी दीडशे ओलांडून गेलं, तेव्हा माझ्या लेखी ते शून्याच्याही खाली होतं. मी गप्प राहिलो. गंगव्वांचे अंथरुणाला खिळलेले यजमान पाण्यात सापडले. शेजाऱ्यांनी खाटेसकट उचलून त्यांना कसंबसं बाहेर काढलं.

“ह्याच्या भरवशावर मी चिकपेटला बाजारात गेलते. का वाजला नाही गं, पवित्रा?” गंगव्वांनी विचारलं.

“मशीन जुनं झालंय हो,” अजित म्हणाला.

पवित्राने स्क्रीनवरची ‘इंट-एट’ची ती ओळ वाचली. तिचं बोट तिथेच थबकलं. मला वाटलं, आता ही बोलेल.

“होय अव्वा. जुनंच झालंय,” ती म्हणाली.

नवं यंत्र आलं. माझाच प्रोग्राम त्यात घालताना तिने कुणाला न सांगता पुन्हा ‘आय-एट’ लिहिलं. चाचणीला भोंगा दणदणीत वाजला. गंगव्वांनी नव्याला कुंकू लावलं आणि माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं.

भंगाराच्या टेम्पोत मला पवित्रानेच ठेवलं, हळुवार, वायर नीट गुंडाळून. तेवढी माया तिने गंगव्वांसमोर दोन खऱ्या शब्दांत दाखवायला हवी होती.

गल्ली आता सुखरूप आहे, याचा मला आनंदच आहे. पण मित्रांनो, आकडा कशात ठेवता ते आधी समजून घ्या. आणि चूक सापडली, तर ती नुसती पुसू नका. जिच्या घरात पाणी शिरलं, तिला खरं काय ते सांगा.