आठाने भागा, मग बोला

मी पुठ्ठा आहे. होय, साधा पुठ्ठाच. पण जरा नीट बघा, अंगावर तक्ता आहे माझ्या. नाशकात दिंडोरी नाक्याजवळ बुद्धभूषणचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या भिंतीवर मी पंधरा वर्षं लटकतोय.

जन्माने मी मॉनिटरच्या खोक्याची एक बाजू. खोकं भंगारात गेलं, मी वाचलो. कारण त्या दिवशी बुद्धभूषणने एका गिऱ्हाइकाला तोंडी हिशेब सांगितला आणि तो सपशेल चुकला. चिडून त्याने मला कापलं. निळ्या स्केचपेनने डावीकडे इंटरनेटच्या टेलिफोन लाइनींचे वेग लिहिले, उजवीकडे जुन्या डिस्कचे, आणि मधोमध लाल अक्षरात लिहिलं, 'आठाने भागा.'

त्याचं असं आहे. लाइनवाले वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डिस्कवाले मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट. रुंद पट्टीच्या केबलवाली जुनी डिस्क एकशे तेहेतीस मिरवते. लोक म्हणतात, लाइन शंभरची, डिस्क एकशे तेहेतीसची, उन्नीस-बीसचा फरक. कसला उन्नीस-बीस! शंभराला आठाने भागा, साडेबाराच उरतात.

एवढी माझी विद्वत्ता, आणि यंदा जानेवारीत बुद्धभूषणने माझ्याच खिळ्यावर कॅलेंडर अडकवलं. गरज सरो, वैद्य मरो. चार महिने मी नुसता कान लावून बसलो. मला फार राग आला होता, खोटं कशाला बोलू?

मग एप्रिलमध्ये सोमनाथ आला. सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा. त्याचे वडील पुंजाबाबा पावरी वाजवायचे. भोपळ्याचं ते वाद्य फुंकायला छाती लागते, आणि दम्याने बाबांची फुंक गेली होती. वीस वर्षांपूर्वी कोणा अभ्यासकाने त्यांचं वादन कॅमेऱ्यात घेऊन एका डिस्कवर दिलं होतं. ती डिस्क बंद पडली होती. बुद्धभूषणने आठ दिवस खपून तिच्यातलं सगळं बाहेर काढलं, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहाला सोमनाथच्या बहिणीची, योगिनीची हळद होती. तिचा एकच हट्ट, हळदीला बाबांचीच पावरी वाजली पाहिजे.

"नुसती हळदीची चाल पाठवू का?" बुद्धभूषणने विचारलं.

"एकच लांबलचक फाइल हाय. कुठली चाल कशाची, ते बाबालाच कळंल," सोमनाथ म्हणाला. "आख्खीच पाठवा. पाड्यावर नेट चारचं हाय."

फाइल अठरा हजार मेगाबाइटची. सोमनाथने मोबाइलवर चाराने भागलं. "सव्वा तास. लय झालं. लग्नातलं ब्लाऊज शिवून चार वाजता मिळणार, ते घेऊन मी मागच्या जीपनं जातो."

बुद्धभूषणने मान डोलावली. डबा उघडायची वेळ झाली की त्याची अक्कल डब्यात जाते. मी कॅलेंडरमागे तळमळत होतो. अरे, आठ! आठ! पण पुठ्ठ्याला तोंड कुठलं?

वाचवलं ते आमंत्रणाने. "परवा लग्नाला या बरं का," सोमनाथ म्हणाला, आणि तारखेवर खूण करायला बुद्धभूषणने कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर घेतलं. मला उजेड दिसला.

"हे 'आठाने भागा' काय हाय?" सोमनाथने विचारलं.

बुद्धभूषणने माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "सोमनाथ, घोटाळा झाला. लाइन अच्छेराने मोजते आणि फाइल पायलीने. आठ अच्छेरांची एक पायली. तुमचं चारचं नेट म्हणजे सेकंदाला अर्धाच मेगाबाइट. दहा तास लागतील."

सोमनाथ खाली बसला. "म्हणजे रात्रीचे अकरा. हळद मुकीच लागायची."

"तुमच्याकडे जाणारी काळूची जीप किती वाजता आहे?"

"दीडला."

तुम्हाला सांगतो, त्या पाड्यांवर काळूच्या जीपमधून काय जात नाही? औषधं जातात, चष्मे जातात, बाळंतिणीचे लाडू जातात. नुसतं नाव सांगायचं. बुद्धभूषणने पेनड्राइव्ह लावला. सेकंदाला वीस मेगाबाइट, म्हणजे पंधरा मिनिटं. घड्याळात एक वाजून अकरा मिनिटं झाली होती. डबा तसाच राहिला. एक सत्तावीसला सोमनाथ पेनड्राइव्ह मुठीत धरून नाक्याकडे पळाला.

घामाघूम होऊन परत आला. "काळूनं खिशात टाकला. बाबाच्या हातात देतो म्हनला."

सहाच्या सुमारास बुद्धभूषणचा फोन वाजला. सोमनाथ तेव्हा ब्लाऊज घेऊन वाटेत होता. "भूषणदादा, ऐका," योगिनी म्हणाली. मागे पावरी वाजत होती, घुमत, दम न घेता. "बाबा एकेक चाल ऐकत होते. मग हात वर केला, म्हणाले, हीच. आता त्यांची बोटं मांडीवर चालताहेत." बुद्धभूषणने चष्मा पुसला. मलाही भरून आलं. पुठ्ठ्याने ओलं होऊ नये, म्हणून आवरलं.

फोन ठेवून त्याने मला खाली उतरवलं आणि तळाशी निळ्या पेनने नवी ओळ लिहिली: 'काळूची जीप, तीन तासांत अठरा हजार, लाइनच्या मापाने सव्वातेरा.' पाड्यावरच्या नेटच्या तिपटीहून जास्त, बघा. कॅलेंडरला आता वेगळा खिळा आहे.

माझे कोपरे झिजलेत, लाल रंग फिका पडलाय. फार काही मागत नाही. आकडा दिसला की हुरळू नका, माप कुठलं ते आधी विचारा. आणि पुठ्ठ्यावर कॅलेंडर लावू नका.

परवा एका गिऱ्हाइकाने हसून विचारलं, "या तक्त्यात जीप कशाला?"

"तिच्यातून पुंजाबाबांची फुंक पाठवली होती," बुद्धभूषण म्हणाला. "वेळेत पोचली."