अर्धा सूर खाली

मावशींनी हेडफोन काढले, टेबलावर उलटे ठेवले आणि म्हणाल्या, "छान आहे. पण ही मी नाही."

दादा हसले. स्टुडिओतली एकुलती एक मऊ खुर्ची त्यांनी आल्याआल्याच पटकावली होती. "झालं सुरू! रेकॉर्ड घरी आली त्या दिवशीही हेच म्हणाली होती. शब्द न् शब्द."

"तेव्हा कुणी ऐकलं नाही, म्हणून पुन्हा म्हणते."

साउंड इंजिनिअर दोघांकडे पाहत होती. काम सुरू करण्यापूर्वीचा हा लाजाळूपणा असावा, असं तिला वाटलं. असे गायक तिने पाहिले होते.

"मावशी, सगळ्यांनाच तसं वाटतं," ती म्हणाली. "आपण बोलतो तेव्हा स्वतःचा आवाज फक्त हवेतून ऐकत नाही, कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. हाडांतून येताना तो जरा जाड होतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडं नसतात, म्हणून आपलाच आवाज किनरा वाटतो."

"म्हणजे माझ्या कवटीचा दोष."

"दोष नाही हो, सगळ्यांचंच..."

"हिच्या कवटीचा आहेच," दादा म्हणाले. "जाड आहे. लहानपणापासून."

मावशी हसल्या. त्यांचं हसणंही बोलण्यासारखंच खोल होतं, रुंद पाण्यासारखं. वयाने आवाज उतरतो, इंजिनिअरने मनात नोंदवलं, आणि ती विषय सोडून टेपच्या डब्याकडे वळली.

डब्यावर दादांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मधली खोली'. गाणी आठ. शब्द, चाली आणि गिटार मावशींची. ध्वनिमुद्रण थोरल्या भावाचं, म्हणजे दादांचं. ते रेडिओ दुरुस्त करत आणि घरच्या मधल्या खोलीत त्यांनी गाद्या भिंतीला टेकवून आठही गाणी स्वतःच्या मशीनवर उतरवली होती. रेकॉर्ड निघाली, खपली नाही. बहुतेक प्रती खोक्यातच राहिल्या. एका वर्तमानपत्राने तेवढं लिहिलं, 'चिमणीचा गोड चिवचिवाट.' तेव्हापासून घरात मावशींचं नाव चिमणी पडलं. आता इतक्या वर्षांनी कुणाला तरी भंगारात एक प्रत मिळाली, त्याने एक गाणं इंटरनेटवर टाकलं, तरुण मुलं ते ऐकायला लागली आणि एका छोट्या कंपनीला रेकॉर्ड पुन्हा काढावीशी वाटली. टेप दादांची, त्यामुळे त्यांच्या होकाराशिवाय तिला कुणी हात लावणार नव्हतं. दादांनी होकार दिला तो फोनवरच, समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी. मावशींनी नंतर सही केली. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "त्याची हौस आहे."

"मशीन कुठलं होतं, दादा?" इंजिनिअरने विचारलं. सगळेच त्यांना दादा म्हणत, तीही दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागली होती.

दादा खुर्चीत पुढे सरकले. "सेकंडहँड. वजन असं की दोघांनी उचलावं. त्याचा बेल्ट सैल झालेला होता, पण नवा मिळायला महिना लागणार आणि हिची गाणी तर तयार. मग काय, रोज बेल्टला पावडर लावायची आणि हात जोडायचे. शेवटच्या गाण्यापर्यंत दम धरला बघ बिचाऱ्याने. दुसऱ्या दिवशी तुटला. माणसं एवढी जबाबदार नसतात."

ही गोष्ट त्यांनी खूप वेळा सांगितली असावी. मावशी खिडकीबाहेर पाहत तिच्या शेवटाची वाट बघत होत्या.

दोघं गेल्यावर इंजिनिअर साफसफाईला बसली. जुन्या टेपवर सुईसारखे टकटक आवाज असतात, सळसळ असते, आणि सगळ्याच्या तळाशी विजेची घरघर. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि तो हेलकावा तारांतून मायक्रोफोनच्या वायरीत थोडासा झिरपतोच. त्यामुळे ती घरघर काढणं सगळ्यात सोपं. पन्नासवर फिल्टर लावायचा, संपलं.

तिने पन्नासवर फिल्टर लावला. घरघर तशीच राहिली.

तिने वायरी तपासल्या. मग दोन गाण्यांमधली शांत जागा निवडून ती पडद्यावर मोठी करून पाहिली. घरघरीची रेघ पन्नासवर नव्हती, त्रेपन्नवर होती. दुसऱ्या गाण्याआधी त्रेपन्न, पाचव्याआधीही त्रेपन्न.

वीज त्रेपन्नने वाहत नाही. याचा अर्थ वीज बरोबर होती, टेप चुकत होती. सैल बेल्टमुळे त्या वेळी टेप हळू फिरली. नंतर नीट चालणाऱ्या मशीनवर लावल्यावर त्यातलं सगळंच घाईत धावायला लागलं. वीज, गिटार आणि गाणारी बाई, सगळं अर्ध्या सुराने वर. मधल्या खोलीत कुणाच्या लक्षात आलं नसणार, कारण तिथे ऐकतानाही तोच सैल बेल्ट होता. रेकॉर्ड हातात येईपर्यंत नवा बसला होता.

हाडांचं तिने सांगितलं ते खरं होतं. पण मावशी हाडांबद्दल बोलतच नव्हत्या.

तिने घरघर पन्नासवर येईपर्यंत टेपचा वेग खाली आणला आणि दुसरं गाणं लावलं. ते गाणं दुपारी रिकाम्या बसमधून शेवटच्या थांब्यापर्यंत जाणाऱ्या मुलीचं होतं. 'कुणी उतरा म्हटलं तरच उतरेन' ही ओळ तिने आतापर्यंत पंचवीस वेळा तरी ऐकली असेल, आणि दरवेळी ती तिला लाडिक वाटली होती. आता ती लाडिक नव्हती. गाणाऱ्या बाईला घरी जायचं नव्हतं, इतकं साधं होतं ते. ओळीनंतरचा श्वाससुद्धा आता श्वासाएवढा लांब होता.

दुसऱ्या दिवशी मावशी एकट्या आल्या. इंजिनिअरनेच तसं सुचवलं होतं. तिला एखादा प्रयोग जमल्यावर होतो तसा आनंद झाला होता आणि तो लपवणं तिला जमत नव्हतं. तिने घरघर, पन्नास, त्रेपन्न हे सगळं भराभर सांगितलं आणि गाणं लावलं.

मावशींनी पहिल्या ओळीला हात गळ्याशी नेला आणि गाणं संपेपर्यंत तो तिथेच ठेवला.

"दुसरं कडवं परत लाव," त्या म्हणाल्या.

तिने लावलं.

"परत."

मग त्या बोलल्या तेव्हा आवाज अगदी नेहमीचा होता. "रेकॉर्ड आली, त्यानंतर दोन-तीन कार्यक्रम झाले माझे. लोक म्हणायचे, रेकॉर्डसारखं येत नाही. मग दादा म्हणाला, रेकॉर्डशी जुळवून बघू. गिटार जुळेना. म्हटलं, गिटार उतरली असेल. तारा चढवल्या, गळा चढवला. तिसऱ्या कार्यक्रमात आवाज फाटला, लोकांसमोर. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गप्प बसा. सहा महिने बसले आणि मग गप्प राहणंच बरं वाटायला लागलं."

"नंतर कधीच नाही गायलात?"

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. तिथे लोक म्हणायचे, 'साहेब, जरा लाईन जोडून द्या ना.'" त्यांना हसू आलं. "साहेब! मी घरी येऊन सांगायची, अरे दादा, मला लोक साहेब म्हणतात आणि तू चिमणी म्हणतोस. तो म्हणायचा, फोनची लाईनच खराब."

इंजिनिअर हसली नाही. "मावशी, म्हणजे तुमचं काहीच चुकलं नव्हतं. तुम्ही तेव्हाही बरोबर सांगत होतात."

"दादाला सांगितलंस का हे?"

"नाही. आधी तुम्हाला."

"मग सांगू नकोस."

"पण कारण कळायला नको का? इतकं स्वच्छ कारण आहे. मला तर वाटत होतं, आपण कव्हरवरसुद्धा लिहू."

"मला कळलं ना? पुरे झालं." त्यांनी पर्स उघडली, रुमाल काढला, पण नुसताच हातात धरला. "त्याने त्या रेकॉर्डवर धूळ बसू दिलेली नाही कधी. घरी मीटर बघायला माणूस आला तरी त्याला ऐकवायचा. माझा गळा गेला त्याचं मला जितकं वाईट वाटलं, तितकंच त्याला वाटलं. त्याला आता काय सांगू? तुझ्या पावडरने गेला?"

"मग जुनीच रेकॉर्ड जाऊ द्यायची?"

"ते नाही." हे मात्र त्या पटकन म्हणाल्या. "ती नको. जायची तर हीच जाऊ दे. मला एकदा तरी माझ्या आवाजात ऐकू देत लोकांना." मग जरा खाली बघून, "त्याला मी सांगते. म्हातारीची लहर म्हणून खपवते. तू फक्त गप्प बस. जमेल?"

इंजिनिअरने मान हलवली. गप्प बसणं तिला कधीच नीट जमलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप आणि दोन छोटे स्पीकर घेऊन त्यांच्या घरी गेली. दादांनी दार उघडलं तेच भांडणाच्या तयारीत.

"हिने तुला पढवलंय ना? आवाज खाली आणायचा म्हणे. फळ्यावरचं अक्षर आहे का, पुसून नवं लिहायला?"

"दादा, आत तर येऊ दे तिला," मावशी आतून म्हणाल्या.

"मुलांना जो आवाज आवडलाय तो बदलायचा आणि वर म्हणायचं ही तीच रेकॉर्ड. ही फसवणूक आहे, चिमणे."

"मला तो किनरा आवाज सोसत नाही आता. कान दुखतात."

"कान दुखतात तर डॉक्टरकडे जा. मूळ ते मूळ. मी होतो त्या खोलीत. मी ऐकलंय काय झालं ते." ते इंजिनिअरकडे वळले. "तू शिकलेली आहेस. तुला पटतं हे?"

तिच्या जिभेवर आकडा आला होता. तिने मावशींकडे पाहिलं. त्या सोफ्याच्या कव्हरची सुरकुती काढत होत्या.

"एकदा ऐका ना," ती म्हणाली. "मग नाही म्हणा. मी लगेच निघेन."

दादा खुर्चीत बसले. हाताची घडी घातली, पाय पुढे ताणले, न पटण्याची सगळी तयारी केली. तिने बसचं गाणं लावलं.

गिटार सुरू झाली आणि त्यांची घडी सुटली. पहिली ओळ संपायच्या आत ते पुढे वाकले. त्यांचे डोळे स्पीकरवर नव्हते, त्याच्या जरा बाजूला, थोडं वर, एखादं माणूस तिथे स्टुलावर बसून गात असावं तिथे होते. इंजिनिअरच्या तेव्हा लक्षात आलं, की जगात मावशींखेरीज हा आवाज त्या खोलीत, खरोखरचा ऐकलेला माणूस हा एकच.

गाणं संपलं.

"हं," दादा म्हणाले. गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चहा टाकतो."

मावशींनी खुणेने इंजिनिअरला त्यांच्यामागे जायला सांगितलं.

स्वयंपाकघरात त्यांनी पातेल्यात पाणी घातलं, गॅस लावला आणि पाठमोरे उभे राहिले. साखर दोनदा टाकली. मग हळूच विचारलं, "टेपवरची घरघर किती सायकलची निघाली?"

इंजिनिअरने कबूल केलं होतं कारण न सांगण्याचं. पण त्यांनी कारण विचारलंच नव्हतं, आकडा विचारला होता, आणि आकडा खोटा सांगणं तिच्याने होणार नव्हतं.

"त्रेपन्न," ती म्हणाली.

दादांनी मान हलवली. रेडिओवाल्याला पुढचं सांगावं लागलं नाही. पाणी उकळून वर आलं, ते काठापर्यंत आलं तरी ते नुसते बघत राहिले, आणि इंजिनिअरने हात पुढे करून गॅस बारीक केला.

"रोज लावायचो मी ती पावडर," ते म्हणाले. "सकाळी उठून, ती यायच्या आत." थोड्या वेळाने त्यांनी गळणं शोधलं. ते त्यांच्या हातातच होतं. मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून, नेहमीच्या चढ्या आवाजात ओरडले, "अगं ए! तुझ्या हट्टापुढे कधी कुणाचं चाललंय? कर तुला हवं तसं!"

"कबूल?" बाहेरून आवाज आला.

"कबूल, कबूल. म्हातारीचं मन मोडून कुठं जाऊ?"

इंजिनिअरने कपांकडे पाहत राहणं पसंत केलं. त्यांनी चिमणी म्हटलं नव्हतं, हे फक्त तिलाच ऐकू आलं असावं.

चहा गाळून होईपर्यंत बाहेर पुढचं गाणं आपोआप सुरू झालं. ते संथ होतं, फक्त गिटार आणि एक लांब, उतरत जाणारी चाल. दादा ट्रे घेऊन निघाले आणि दारातच थांबले.

मावशी त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या आणि गात होत्या. मोठ्याने नाही. स्पीकरमधल्या मुलीच्या जरा मागे, तिचा हात धरून चालल्यासारख्या. काही ठिकाणी आवाज पोचत नव्हता, तिथे त्या तिला पुढे जाऊ देत आणि खालच्या सुरावर परत गाठत. गळा कुठेही ताणला जात नव्हता.

दादांनी ट्रे हलक्या हाताने इंजिनिअरच्या हातात दिला. ओठांवर बोट ठेवून तिला जागीच थांबायची खूण केली. मग दाराच्या आडून हात लांब करून त्यांनी भिंतीवरचं बटण चाचपलं आणि पंखा बंद केला. पाती मंदावत थांबेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता.