कडक कसोटी

मावशीचा प्लास्टरमधला हात उशीवर नीट ठेवून त्याने उशाची गोळ्यांची पट्टी उचलली, नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं.

नाव त्याला तोंडपाठ होतं. गुडघेदुखीवरच्या याच गोळीच्या चाचणीचे आकडे त्याने कंपनीत बसून तपासले होते. गोळी घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा चक्कर जास्त येत होती. गोळीचा दोष नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता होती शंभरात तीन. आधी ठरलेली सार्थकता पातळी, फरक खरा मानायची मर्यादा, शंभरात पाच. तीन त्याच्या आत, म्हणजे ठपका गोळीवर बसत होता. साहेब गोड बोलले, जरा कडक कसोटी लावू, पाचाऐवजी एक धरू. कडकपणाला कोण नावं ठेवणार? आता तीन काही एकाच्या आत बसेना. ‘चक्करीतला फरक सार्थक नाही,’ असं लिहून त्याने मुकाट्याने सही ठोकली. सोवळेपणाचा आव आणून धोका पाठीशी घालायचा, हे त्याला तेव्हाही कळत होतं. कळूनही केलं, मेल्याने!

परिचारिका एक कागद ठेवून गेली होती. औषधाचा काही त्रास होतो का, असा त्यात रकाना होता.

"पडले तेव्हा चष्मा फुटला, तूच भर," मावशी म्हणाली. "त्रास नाही म्हणून लिही."

"चक्कर येऊनच पडलीस ना?"

"महिनाभर येतेय. पण गोळी तू तपासलेली. माझ्या भाच्याच्या हाताखालून गेलीय म्हणून गावभर सांगत सुटले मी. तुझ्यावर बालंट नको. आणि शंभरात एखादीला व्हायचंच रे."

त्याला मान वर करवेना. तिला पडून आठ दिवस झाले होते, आणि या आठ दिवसांत तिने डॉक्टरांनाही चक्करीचं कळू दिलं नव्हतं. त्याने पेन घेतलं आणि लिहीत राहिला.

"‘नाही’ लिहायला एवढा वेळ? वाच बघू."

त्याने कागद वर धरला. "महिनाभर चक्कर येते." पुढची ओळ त्याच्याच अक्षरातली, तरी तो अडखळला. "चाचणीत हे दिसलं होतं. पातळी बदलून मी ते झाकलं."

पट्टी मावशीने चांगल्या हाताने दूर सारली.

"खाली सही कर," ती म्हणाली.