फेरीप्रमाणे आलेली मळणीची मशीन

मी मळणीची मशीन बोलतेय. गोड बोलणं आमच्या घराण्यात नाही. पेंढा एकीकडे, दाणे एकीकडे, एवढंच येतं.

गावाच्या शेतकरी संघाने मला आणलं, तेव्हा संघ म्हणजे एक खोली, एक बाकडं आणि अखंड भांडणं. पण नियम एकच: ज्याचा माल उघड्यावर, मशीन आधी त्याच्याकडे. आभाळ भरलं की अध्यक्षांचा सख्खा भाऊसुद्धा मागे सरकायचा, शिव्या घालत का होईना.

मग पाच गावांचे संघ एक झाले. मोठा संघ, मोठी सेवा, असं म्हणत मला शहरालगतच्या शेडमध्ये नेलं. नवा रंग दिला. नवे साहेब आले. त्यांनी माझी फेरी आखली, जवळच्या गावापासून लांबच्या गावापर्यंत. डिझेल वाचतं म्हणे. वाचलंही.

आमचं गाव शेवटी. तिथल्या एका काकूंचा गहू कापून रानात पडलेला, आणि तो बियाण्याचा. पुढची पेरणी त्याच्यावर. ढग दाटले तशा काकू सुनेला घेऊन शेडवर आल्या.

"मावशी, तुम्हाला आधी दिली तर सगळेच मागतील," साहेब म्हणाले. "पूर्वी तुमचा संघ छोटा होता."

"पाऊस तेवढाच आहे हो," काकू म्हणाल्या.

मला जवळच्या गावी पाठवलं. तिथला गहू पत्र्याखाली ठणठणीत कोरडा, आणि मालक जेवायला गेलेला. मी त्याची वाट बघत असताना पाऊस आला.

चार दिवसांनी काकूंच्या रानात पोचले तेव्हा ओंब्यांतच कोंब फुटले होते. साहेब जातीने हजर, फोटोसाठी.

"बघा, आलो की नाही ठरल्याप्रमाणे?"

काकू बांधावर बसून राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून जिचा आवाज शेजारणीनेही ऐकला नव्हता, ती सून पुढे झाली. मूठभर हिरव्या ओंब्या तिने साहेबांच्या हातात ठेवल्या.

"फोटो काढायचाय ना? मग मशीनचा नको, ह्यांचा काढा. आणि घरी नेऊन कुंडीत लावा. आमच्या पेरणीला उपयोग नाही."

फोटो निघाला नाही. मला तसंच परत आणलं.

आता शेडमध्ये उभी आहे. माझी कीव करू नका. दाते शाबूत, पट्टा नवा, टाकी भरलेली. साहेब उद्या मेकॅनिक बोलावणार आहेत, काही बिघडलंय का बघायला. त्या बिचाऱ्याला कशाला त्रास देता? तो फक्त मशीन दुरुस्त करतो.