अकरा गाड्यांची पाठवणी

डॉक्टरांकडे अकरा गाड्या होत्या आणि त्यांची बायको बसने फिरत असे. सुरुवातीची दहा-बारा वर्षं तिला याचं काहीतरी वाटायचं. मग तिनं वाटून घेणं सोडून दिलं.

डॉक्टर दातांचे. ती वाचनालयात ग्रंथपाल होती, त्यामुळे सगळं गाव तिला ‘बाई’ म्हणायचं. दोघंही आता निवृत्त झाले होते. गाड्या त्यांच्याही आधी निवृत्त झालेल्या. त्यातली सगळ्यात तरुण गाडी डॉक्टरांपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. गावाबाहेर साबणाचा एक बंद कारखाना होता. त्याच्या गोदामात अंगावर पांढऱ्या चादरी घेऊन त्या एकतीस वर्षं ओळीनं उभ्या होत्या. दर गुरुवारी डॉक्टर आणि गाड्या दुरुस्त करणारे त्यांचे जुने मिस्त्री तिथं जात. दहा गाड्या दहा-दहा मिनिटं सुरू ठेवत. अकरावी, लांबलचक हिरवी, तिचं इंजिन केव्हाच जाम झालं होतं. तिला नुसती पुसत. चाकं एका जागी दबू नयेत म्हणून प्रत्येक गाडी वीतभर पुढं ढकलत आणि पुढच्या गुरुवारी वीतभर मागं. एकतीस वर्षांत त्यांचा प्रवास तेवढाच झाला.

मग कारखान्याची जागा एका इस्पितळाला विकली गेली आणि तीन महिन्यांत गोदाम रिकामं करा, असं पत्र आलं. डॉक्टरांनी दुसरी जागा शोधून पाहिली. एक कोंबड्यांची शेड पाहून आले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “विकून टाकतो.”

“सगळ्या?” बाईंनी विचारलं.

“एक ठेवायची तर कुठली, ते तू सांग.”

बाईंना सांगता येईना. तेव्हा सगळ्याच विकायच्या ठरल्या.

जाहिरात दिली. गिऱ्हाइकं येऊ लागली आणि डॉक्टर त्यांना परत पाठवू लागले. हॉटेलवाला आला, त्याला गाडी दारात ठेवून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची होती. डॉक्टरांनी त्याला दाराकडची वाट दाखवली. लग्नाला गाड्या भाड्यानं देणारा आला, त्यानं गुलाबी रंगाचा विषय काढला. एकानं टायरला लाथ मारून पाहिली. एक गृहस्थ तर सगळं नीट बोलले, गाडीला हातही पुसून लावला, तरी डॉक्टर नाहीच म्हणाले.

“यांचं काय चुकलं?” मिस्त्रींनी विचारलं.

“दात घासत नाही तो. स्वतःच्या तोंडाची ज्याला काळजी नाही, तो गाडीत तेल वेळेवर घालेल?”

सहा आठवडे गेले, एकही गाडी हलली नाही. एका संध्याकाळी मिस्त्री घरी आले. चहाचा कप दोन्ही हातांत धरून बाईंकडे बघत म्हणाले, “वहिनी, असं चाललं तर इस्पितळाचा पहिला पेशंट त्या हिरव्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपवावा लागेल.”

बाईंनी चष्मा पुसला. “अहो,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “उद्यापासून तुम्ही घरी थांबायचं. मी जाते.”

डॉक्टर वाद घालतील असं दोघांनाही वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, “माझे गुडघे तसेही दुखतात.” आणि आत जाऊन पडले.

बाईंना गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, असं त्यांनाच वाटत होतं. पण पहिलं गिऱ्हाईक समोर उभं राहिलं, त्यानं काळ्या गाडीबद्दल विचारलं आणि बाईंच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं, “ही सकाळी रुसते. चोक पूर्ण ओढायचा, सुरू झाली की लगेच अर्धा सोडायचा. डावीकडचा मागचा दरवाजा जोरात लावायचा नाही, त्याचं कुलूप दुसऱ्याच गाडीचं आहे. पावसात काच वरून गळते. पाहिजे तर घ्या, नको तर नका घेऊ.”

मिस्त्री बघतच राहिले. बाई स्वतःही जरा चपापल्या. एकतीस वर्षं जेवताना त्या भाजीकडे लक्ष देत होत्या आणि समोर डॉक्टर एकटेच बोलत होते; त्यातला एक शब्दही वाया गेला नव्हता.

गिऱ्हाइकानं गाडी घेतली. दोष आधीच सांगणारा विकणारा त्याला कधी भेटला नव्हता. बाई दुसरं काही करत नव्हत्या. वाचनालयात पुस्तक देताना पान फाटलंय, चाळीसावं नाही, असं सांगून देत, तसंच. तीन आठवड्यांत दहा गाड्या गेल्या. हॉटेलवालाही परत आला. बाईंनी त्याला दारात ठेवायला निळी दिली. त्यानं झाडं लावणार नाही असं तोंडी कबूल केलं आणि बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. रोज घरी गेल्यावर डॉक्टर विचारत, “कुठली?” बाई सांगत. डॉक्टर मान हलवत आणि टीव्हीचा आवाज वाढवत.

हिरवी उरली. तिला कुणी हात लावेना. शेवटी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा आला. तो गाडीभोवती दोनदा फिरला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “अख्खी नको. गिअरबॉक्स, दिवे, चारही दरवाजे. सांगाडा भंगारात.”

त्या दिवशी बाईंनी होकार दिला नाही. परतताना त्या बसमध्ये आपला थांबा सोडून एक थांबा पुढं गेल्या आणि तिथून चालत घरी आल्या.

“हिरवीचं गिऱ्हाईक आलं होतं,” त्या दारातूनच म्हणाल्या. “खोलून नेणार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.”

डॉक्टरांनी टीव्ही बंद केला. विचारलं, “गिअरबॉक्स कुणाला?”

“दोन गावं पलीकडे एकाची अशीच गाडी आहे. गिअरबॉक्सवाचून नऊ वर्षं उभी आहे म्हणे. ती चालेल.”

“चालेल?”

“मिस्त्री म्हणतात, चालेल.”

डॉक्टर स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसले. “आयुष्यभर दात उपटले,” ते म्हणाले, “एकही दुसऱ्याला बसवता आला नाही. गाड्यांचं बरं असतं.” मग म्हणाले, “हो सांग. पण त्याच्या माणसांना हात लावू देऊ नकोस. मी खोलतो.”

दोन दिवस लागले. बाई रिकाम्या गोदामात लोखंडी खुर्ची टाकून बसल्या. दवाखाना वेगळ्या इमारतीत होता, त्यामुळे नवऱ्याला काम करताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. डॉक्टर एका उशीवर बसून गाडीखाली वाकले होते. मिस्त्री टॉर्च धरून होते. प्रत्येक नट सुटला की डॉक्टर तो फडक्यानं पुसून डबीत टाकत आणि डबीवर लिहीत. घाई नाही, आवाज नाही. एक बोल्ट गंजून घट्ट बसला होता. डॉक्टर अर्धा तास त्याच्याशी जवळजवळ कुजबुजत होते. बोल्ट निघाला.

“दुखलं नाही ना?” बाईंनी विचारलं.

“गुडघा?”

“बोल्टाला.”

डॉक्टर हसले. एकतीस वर्षांत गोदामात कुणी हसल्याचं मिस्त्रींना आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. दरवाजे, दिवे, डब्या आणि गोधडीत गुंडाळलेला गिअरबॉक्स चढवला. डॉक्टरांनी ड्रायव्हरला खड्ड्यांबद्दल तीनदा बजावलं आणि चौथ्यांदा बजावायला निघाले तेव्हा बाईंनी त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं. टेम्पो गेला. कोपरापर्यंत ग्रीस लागलेले हात पुढं धरून डॉक्टर उभेच राहिले.

“हे कशानं जाईल?” त्यांनी विचारलं.

“आधी रॉकेलनं पुसा, मग साबण,” बाई म्हणाल्या आणि पर्समधून स्वतःचा रुमाल काढून त्यांचं एकेक बोट पुसू लागल्या.