चाकावर पडलेला हार

आयुधपूजेला कोइमतूरच्या त्या सूतगिरणीत सगळी यंत्रे बंद असत. एकदा चंदनाचे गंध लागले की दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी साध्या पान्यालाही हात लावत नसे. गिरणीची अग्निसुरक्षा सांभाळणारी पूंगोडी पूजेसाठी कापसाच्या गोदामाकडे निघाली होती. दाराबाहेरच्या गेट व्हॉल्व्हपाशी ती थबकली, ती हारामुळे.

दरवर्षी झेंडूचा हार व्हॉल्व्हच्या चाकाच्या मधून वर आलेल्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, लटकत असे. आज तो चाकावर सपाट पडला होता. लटकायला स्पिंडल वर नव्हताच.

या व्हॉल्व्हचे तिला मनापासून कौतुक होते. आतली ओतीव झडप उचलली गेली की स्पिंडल तेवढाच बाहेर येतो. झडप खाली बसली की तोही आत जातो. उघडा की मिटलेला, हे लांबून दिसते, अंधारात नुसत्या स्पर्शाने कळते. खोटे बोलणे त्याच्या घडणीतच नाही. आज तो स्पष्ट सांगत होता, की गोदामात आग लागलीच तर छताला लावलेल्या फवाऱ्यांना पाणी मिळणार नाही. आणि थोड्याच वेळात आरतीचा पेटता कापूर कापसाच्या नव्या गाठींमधून फिरायचा होता.

"मरुदाचलम अण्णा, हा मिटला कुणी?"

"मीच," फोरमन म्हणाले. "सकाळी स्पिंडलभोवतीच्या ग्लँडमधून पाणी झिरपत होतं. हा मिटून तिथे गळती अडवणारी नवी दोरी भरली. उघडणार, तेवढ्यात पुजाऱ्यांनी गंध लावून टाकलं. आता त्याला विश्रांती. उद्या पहिलं काम हेच, अम्मा."

"आणि कापूर?"

"माझ्या हयातीत तबकातून ठिणगी पडलेली नाही."

"माझ्या हयातीत तुमची ग्लँडही कधी झिरपली नव्हती."

मागे कोणीतरी हसले. तबक घेऊन उभ्या असलेल्या मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. "पूंगोडी, मुहूर्त टळतोय. गंध लागलेल्याला हात लावायचा म्हणतेस?"

पूंगोडीला ठाऊक होते, आज आरती अडवली तर वर्षभर तुटणाऱ्या प्रत्येक धाग्याचे खापर तिच्या माथी फुटणार. ती शांतपणे म्हणाली, "बाई, यंत्र थांबलं की विसावतं. याचं उलट आहे. उघडा असला की दोन्हीकडे पाण्याचा दाब सारखाच, अंगावर ताण नाही. मिटला की सगळा दाब एकटा छातीवर झेलतो. पूजेच्या दिवशी आपण यालाच तेवढं कामाला जुंपलंय."

"खरं आहे," मरुदाचलम म्हणाले. "हे मला सुचायला हवं होतं."

मालकीणबाईंनी तबक जरा खाली घेतले. "मग त्याला विसावू दे. तुमच्याच हातानं, मरुदाचलम."

मरुदाचलम यांनी चपला काढल्या, हार उतरवला, नमस्कार केला आणि चाक सावकाश फिरवू लागले. घाई केली तर पाणी नळांना हादरा देते. नळातून सळसळ निघाली. दाबमापकाचा काटा हळूहळू चढला. ग्रीसने चकाकणारा स्पिंडल चाकातून इंचाइंचाने वर आला. नव्या दोरीतून एक थेंबही झिरपला नाही. पूर्ण उघडल्यावर त्यांनी चाक किंचित मागे घेतले, पुढे फिरवणाऱ्याला ते जाम झाल्यासारखे वाटू नये म्हणून.

पूंगोडीने हार पुन्हा घातला. तो लटकला.

मालकीणबाईंनी कापूर पेटवला आणि गोदामात पाऊल टाकले.