दुधी काच

आमच्या घरात काकांचा विषय निघाला की आई भांडी जरा जोरात आपटते. वीस वर्षांपूर्वी बाबा आणि काकांचा मिळून एक स्टुडिओ होता. मोठा लाकडी कॅमेराही एकच. एकाएकी फोटोतले चेहरे धुरकट यायला लागले आणि गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. काकांनी चांगलं भिंग काढून भलतंच बसवलंय, असं ठरवून बाबांनी सख्ख्या भावाला दाराबाहेर काढलं. बाबा गेले ते हा संशय उराशी घेऊनच. कॅमेऱ्यासकट तोही माझ्या वाट्याला आला.

मी कॅमेरे दुरुस्त करते. यंदा माळ्यावरून ती पेटी उतरवली. त्यात माझा हेतू काही फार पवित्र नव्हता. कॅमेरा ठणठणीत करायचा, एक फोटो काढायचा आणि भिंगाची चोरी काकांच्या पदरात घालायची, एवढंच.

खोलीत अंधार करून कॅमेऱ्याच्या घड्याघड्यांच्या भात्यात दिवा धरला तर एकोणीस भोकं चमकली. एकेक बुजवलं. मग मागची दुधी काच काढली. हिच्यावर चित्र उलटं दिसतं आणि ते बघूनच फोकस जुळवायचा असतो. चौकटीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘नवी काच’, आणि खाली तारीख. माझा एक नियम आहे: जे जसं निघालं ते तसंच परत बसवायचं. त्यातून हे तर बाबांच्या हातचं काम! काच पुसली आणि होती तशीच बसवली.

आईला स्वयंपाकघरात बसवून फोटो काढला. चेहरा धुरकट.

“बघ! मी सांगत नव्हते?” आई म्हणाली. “त्या माणसाने दिवसाढवळ्या लुबाडलं आपल्याला.”

दुसऱ्या दिवशी भिंग, काचेची चौकट आणि तो फोटो पिशवीत घालून मी काकांकडे गेले. ते पासपोर्टचे फोटो काढायचं छोटं दुकान चालवतात.

“ये गं ठमे,” ते म्हणाले. खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. एवढी माया का उतू चाललीय, मी मनात म्हटलं. माझं लक्ष त्यांच्या टेबलाच्या कुलूप लावलेल्या खणावर होतं. त्यांचा हात दोनदा खिशातल्या किल्लीकडे गेला. पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं.

मी फोटो टेबलावर आपटला. “भिंग कुठंय काका?”

ते रागावले नाहीत. किल्ली काढली, खण उघडला. मी मान लांब केली. आत पावतीपुस्तकं होती, आणि एक हातात धरायचं भिंग. त्या भिंगातून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

“वहिनी थकल्यात,” ते म्हणाले. “मागच्या भिंतीवर घड्याळ आहे. किती वाजलेत गं?”

“अकराला पाच कमी.”

“सेकंदकाटा?”

“चारवर.” बोलून गेले आणि फोटोकडे पुन्हा पाहिलं.

“भिंग भिकार असतं तर घड्याळ दिसलं असतं का?”

इतकी वर्षं या कामात काढून मला ते दिसलं नव्हतं. मला फक्त धुरकट चेहरा बघायचा होता. काकांनी चौकट हातात घेतली आणि काचेवर बाहेरून नख फिरवलं. करकर आवाज झाला.

“खरखरीत बाजू भिंगाकडे हवी. ही उलटी बसलीय. काचेच्या जाडीएवढा फोकस चुकतो आणि माणसाऐवजी भिंत स्पष्ट येते. कुणी बसवली?”

“होती तशीच बसवली मी.”

त्यांचं लक्ष चिठ्ठीकडे गेलं. ते अक्षर त्यांना ओळखू येणारच. तारखेवरून बोट फिरवून ते खाली बसले. भांडण त्यानंतर आठवड्याभरात झालं होतं.

“तेव्हा मला एकदा कॅमेऱ्याला हात लावू दिला असता दादाने, तर…” ते म्हणाले. चौकट हळूच टेबलावर ठेवली. मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती.

निघताना त्यांनी मला थांबवलं. “वहिनीला सांग, भिंग मीच बदललं होतं, आता परत केलं. गेलेल्या माणसाला कशाला उघडं पाडायचं?”

घरी पोचले तर आई दारातच उभी होती. “काय गं, दिलं का त्याने परत?”

काकांनी शिकवलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. बाबा माझेही होते. पण वीस वर्षं पुरे झाली. मी पिशवीतून चौकट काढून तिच्या हातात ठेवली.

“आई, बाहेरच्या बाजूने नख फिरव.”

आईने स्टुडिओत पंधरा वर्षं निगेटिव्हवर काम केलं होतं. तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. तिने नख फिरवलं, काच पालटून पुन्हा फिरवलं आणि चिठ्ठी वाचली. मग पदराने काच पुसत बसली. काच स्वच्छच होती.

चौकट बाजूला ठेवून तिने विचारलं, “भाऊजींचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?”